दोन महासत्तांच्या मध्ये भारत : ओझर, निफाड, लासलगावातून दिसणारं परराष्ट्र धोरण

गोदाकाठ (धागाकर्ता)

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान ओझरहून उडालं. नाशिककर म्हणून अभिमान वाटलाच. पण या विमानाचं एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून येतं. २०२१ मध्ये अशा ९९ इंजिनांची मागणी नोंदवली आणि त्यातलं पहिलं हाती पडायला मार्च २०२५ उजाडला. ज्या आवारातून हे तेजस बाहेर पडलं, तिथेच रशियन परवान्यावर सुखोई-३० बनली आणि त्याआधी मिग-२१, मिग-२७. आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं, त्यातले २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. त्या वर्षी एका हाताने त्यांचं इंजिन घ्यायचं, दुसऱ्या हाताने त्यांचा दंड भरायचा, आणि शेजारच्या शेडमध्ये रशियन आराखड्याचं विमान उभं. भारताचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायला ओझरइतकी चांगली जागा दुसरी नाही.

टीव्हीवर रोज एकच चर्चा चालते, आपण कुणाच्या गोटात? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. मधल्या ताकदीच्या देशाने दोन हिशेब सतत मांडत राहायला हवेत. अशी कोणती वस्तू आहे जी एकाच देशाकडून येते आणि त्याने हात आखडला तर आपलं काम ठप्प होतं? आणि अशी कोणती वस्तू आहे जी आपल्याकडून घेतल्याशिवाय दुसऱ्याचं भागत नाही? पहिली यादी जितकी लांब, तितकी दिल्लीची भाषा सावध होत जाते, सरकार कुणाचंही असो.

इतिहासात थोडं मागे जातो. ७ सप्टेंबर १९४६ ला, हंगामी सरकार आल्या आल्या, नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितलं की सत्तागटांच्या राजकारणापासून आपण शक्यतो दूर राहू. १९५५ ला बांडुंगची आशिया-आफ्रिका परिषद, १९६१ ला बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली परिषद. भूमिका स्वच्छ होती. पण त्याच १९६१ च्या जूनमध्ये बंगळुरूला एचएफ-२४ मारुत हे आपलं लढाऊ विमान उडालं आणि त्याला साजेसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. ब्रिटिशांकडचं हवं ते इंजिन तयार करून घ्यायला जो खर्च होता तो आपण उचलला नाही. मग इजिप्तचं इंजिन बसवून पाहायचं ठरलं, चाचणीसाठी एक मारुत तिकडे पाठवलं. दोन अलिप्त देशांनी मिळून इंजिन उभं करायचं, कल्पना किती मोठी होती! १९६९ च्या सुमारास इजिप्तनेच तो प्रकल्प गुंडाळला. स्वतंत्र भूमिका घेणारे दोन देश, आणि दोघांकडे मिळूनही इंजिन नाही. मला हा सगळा प्रकार बांडुंगच्या भाषणांपेक्षा जास्त शिकवून जातो.

अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ लढाऊ विमानं दिली, आपल्याला दिली नाहीत. ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला आणि विमानं नुसती विकत नको, इथे बनवू द्या, हे आपण मान्य करून घेतलं. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. ओझरचा कारखाना १९६४ चा. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेलेले. पुढे १९७४ ला तेच परराष्ट्रमंत्री झाले, आणि त्यांच्याच काळात, १९७६ ला, दिल्ली आणि बीजिंगमध्ये पुन्हा राजदूत बसले. युद्धानंतर तब्बल चौदा वर्षांनी.

इथे एचएएलमधले, बागाईतदार, व्यापारी, शिक्षक असे सगळे आहेत. आपापल्या ठिकाणाहून लिहा.


ओझरकर_निवृत्त

चांगला धागा. एचएएलमध्ये माझी नोकरी गेली, म्हणून परवान्यावर उत्पादन म्हणजे काय ते सांगतो, कारण "भारतात बनवलं" या एका शब्दात फार गोष्टी झाकल्या जातात.

आधी अर्धवट जोडलेले भाग खोक्यातून येतात, ते आपण जोडतो. मग सुटे भाग येतात. मग हळूहळू भाग इथे बनायला लागतात आणि शेवटच्या टप्प्यात कच्च्या धातूपासून सगळं. सुखोईत आपण त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलो. २७२ पैकी २२२ विमानं आपल्या हातची. तरीही टायटॅनियमचे मोठे ठोकळे, फोर्जिंग, ठरावीक मिश्रधातूंच्या प्लेटा करारानुसार रशियाकडूनच घ्यायच्या. विमान आपण बनवतो, पण धातू तिकडून आला नाही तर जिगवर, म्हणजे भाग जोडायच्या साच्यावर, काहीच चढत नाही. आमच्या शॉपमध्ये परराष्ट्र धोरण म्हणजे जिग रिकामा आहे की भरलेला, एवढंच होतं.

१९९१ नंतरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. सोव्हिएत संघ गेला तेव्हा एका विमानाचे सुटे भाग एका रात्रीत चार-पाच देशांत विखुरले. काही रशियात, काही युक्रेनमध्ये, काही जॉर्जियात. कुठला कारखाना चालू, कुठला बंद, पैसे रुपयात घेणार की डॉलरमध्ये, काही कळेना. आमच्याशी कुणाचं वैर नव्हतं. ज्याच्यावर विसंबलो होतो तो देशच नकाशावर उरला नाही. मित्र कितीही पक्का असला तरी त्याच्या घरचं उद्या काय होईल हे आपल्या हातात नसतं.


सीमापार

धागाकर्त्यांचा अभ्यास आहे, पण निष्कर्षाशी असहमत. हिशेब मांडत बसायला वेळ लागतो आणि चीन थांबलेला नाही. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. १९ नोव्हेंबर १९६२ ला खुद्द नेहरूंनी केनेडींना पत्र लिहून अमेरिकेची लढाऊ विमानं मागितली होती. म्हणजे वेळ आली तेव्हा अलिप्ततेच्या जनकालाही बाजू घ्यावीच लागली. मग ती वेळ येण्याआधीच का घेऊ नये? लेमोआ २०१६, कॉमकासा २०१८, बेका २०२०, अमेरिकेशी लष्करी सहकार्याचे हे पायाभूत करार तर आपण केलेलेच आहेत. फिनलंड पाहा. १९४८ च्या करारापासून रशियाची मर्जी सांभाळत राहिले आणि अखेर ४ एप्रिल २०२३ ला नाटोत गेलेच. शेजारी मोठा आणि आक्रमक असेल तर एकट्याने तोल सांभाळणं परवडत नाही. उगाच दोन्ही दगडांवर पाय ठेवून आपण दोघांचाही विश्वास गमावतो आहोत.


कॉलेजरोड

सीमापार, १९६२ च्या पत्राचा मुद्दा बरोबर आहे, पण पुढचं पानही उलटा. शस्त्रं आली, आणि त्यामागोमाग अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस हे दूत आले. काश्मीरवर पाकिस्तानशी बोला असा आग्रह झाला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात आपले स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या, त्या या दबावातून. युद्ध हरलेल्या देशाला मदतीची किंमत अशी मोजावी लागते. पुढे १९६५-६७ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखालचा गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडला. शेतीधोरण बदला आणि व्हिएतनामवर आमच्याविरुद्ध बोलू नका, दोन्ही अपेक्षा त्यात होत्या. बाजू घेतली म्हणून हे टळलं असतं असं मानायला आधार नाही.

मी राज्यशास्त्र शिकवते, म्हणून इतर मधल्या देशांची उदाहरणं देते. आपल्याकडे ही चर्चा भारतापाशी सुरू होऊन भारतापाशीच संपते.

सर्वांत शिकण्यासारखा देश मला व्हिएतनाम वाटतो. फ्रान्सशी लढला, अमेरिकेशी लढला, १९७९ ला चीनशी लढला. त्यांच्या संरक्षण धोरणात चार नकार लिहून ठेवलेले आहेत : लष्करी युती नाही, एका देशाशी मिळून दुसऱ्याविरुद्ध उभं राहणं नाही, आपल्या भूमीवर परक्यांचे तळ नाहीत, बळाचा वापर किंवा धमकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन हनोईला आले आणि संबंध सर्वोच्च पायरीवर गेले. त्याच डिसेंबरात शी जिनपिंग तिथेच. जून २०२४ ला पुतिन. वर्षभराच्या आत तिघांचं स्वागत एकाच शहरात, आणि तिघांनाही माहीत की बाकीचे दोघेही येणार आहेत. चोरून काही नाही. आधी नियम सांगून ठेवलेले असले की कुणाला दगा दिल्यासारखं वाटत नाही, हे त्यांचं खरं कौशल्य.

तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी त्यांच्यावर ४६ टक्के शुल्क जाहीर केलं. वाटाघाटी करून ते २० वर आणलं, पण तिसऱ्या देशाचा माल व्हिएतनाममार्गे आला तर त्यावर ४० ठेवलं. म्हणजे चिनी सुट्या भागांवर त्यांचे कारखाने किती अवलंबून आहेत, नेमकं तिथेच बोट ठेवलं. धागाकर्त्यांची पहिली यादी तीच की!

उलट उदाहरण तुर्कस्तान. नाटोत असून रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली. ती जुलै २०१९ ला पोहोचायला लागली आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या कार्यक्रमातून बाहेर काढले गेले. त्या विमानाचे भाग त्यांच्या कारखान्यांत बनत होते तरी. पण फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटल्यावर १९३६ च्या माँत्रो कराराच्या आधारे काळ्या समुद्राकडे जाणारी सामुद्रधुनी युद्धनौकांना बंद करायची किल्ली त्यांच्याच हातात होती, आणि जुलै २०२२ चा धान्य करार इस्तंबूलमध्येच झाला. भूगोलाने दिलेलं ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

फिनलंडबद्दल : लोकसंख्या साधारण ५५ लाख. आपण १४० कोटींहून जास्त. आपल्या बाजूने लढायला येणारी नाटो हिमालयात नाही, आणि क्वाडच्या (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) कुठल्याही कागदात तसं वचन नाही.


सीमापार

मॅडम, क्वाडमध्ये वचन नाही हे मान्य. माझी भीती अशी की "कुणावर विसंबायचं नाही" म्हणता म्हणता आपण चीनवरच सर्वाधिक विसंबून बसलो. ते कुणी ठरवून केलं नाही, स्वस्त मिळतं म्हणून झालं.


निफाडचा_बागाईतदार

सीमापार भाऊंचं हे शेवटचं वाक्य आमच्या बागेत येऊन बघा.

द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात होते. त्यानंतर चाळीस ते सत्तर दिवसांच्या मधे डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतात. पुढच्या हंगामाचं पीक तिथंच ठरतं. त्या वेळी ड्रिपमधून बावन्न-चौतीस हे स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत द्यावं लागतं, नंतर काडी पिकायला शून्य-शून्य-पन्नास हे पालाशचं. दिवस चुकले की चुकले, नंतर दुप्पट ओतून उपयोग नाही. २०२५ च्या जूनमध्ये, ऐन त्या दिवसांत, चीनमधून येणारी विद्राव्य खतं अडली. तिकडच्या कस्टमवाले भारतात जाणाऱ्या मालाची तपासणीच करेनात. बंदीचा कागद कुठंच नाही, पण जहाज भरत नाही. आपल्याकडं लागणाऱ्या अशा खतांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास तिकडूनच येतं. दुकानदार म्हणे जुन्या साठ्यातलं आहे तेवढं घ्या. मे पासून पाऊस, ऊन नाही, त्यात हे.

ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले. खतं, दुर्मिळ धातूंचे चुंबक आणि बोगदे खणायची यंत्रं या तिन्हींची अडचण सोडवू असं आश्वासन दिल्याच्या बातम्या आल्या. चुंबकांचं तर एप्रिलपासून चालू होतं, त्यावर गाड्यांचे कारखाने अडकले होते, अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना विचारा. मला त्या बातमीनं बरं वाटलं आणि रागही आला. गलवानवर बोलणी करायला जो माणूस बसतो, त्याच्यासमोर आमच्या बावन्न-चौतीसची गोणी ठेवलेली असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

रणगाडे-विमानांवर बोला, जरूर बोला. पण फॉस्फेट आणि पोटॅशचं काय करणार ते पण बोला. मोरोक्को, जॉर्डन, इस्रायल, रशिया अशा चार ठिकाणांहून थोडं थोडं घ्यायचं तर महाग पडेल. महाग पडलं तरी चालेल म्हणणारा मी एकटा नाही, फक्त तो वाढीव खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका.


पंचवटी२३

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय, सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. एक प्रश्न : रशियन तेलाचं काय? युद्धाआधी आपल्या आयातीत त्याचा वाटा २ टक्क्यांच्याही आत होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. आपण ते स्वस्त म्हणून घेतलं की स्वायत्तता दाखवायला?


गोदाकाठ

ताई, स्वस्त म्हणून. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्या देशाने स्वस्त तेल घ्यायलाच हवं. युरोप आपलं शुद्ध केलेलं डिझेल घेत होता, आणि २०२२-२३ मध्ये तर तेलाचे भाव भडकू नयेत म्हणून अमेरिकेलाही हे चालत होतं. खटकतं ते वेगळंच. चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेतो, पण त्यासाठीचं जादा शुल्क आपल्यावर आलं. का? चीनकडे चुंबक आहेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याने निर्यातीवर निर्बंध घातले आणि डेट्रॉईटपर्यंत कारखान्यांना घाम फुटला. आपल्याकडे बंद करून दाखवता येईल असं काय होतं? औषधं म्हणता येतील, पण ती बंद करणं आपल्यालाच शोभलं नसतं आणि परवडलंही नसतं.

दुसऱ्या यादीचं महत्त्व इथे आहे. सीमापार यांच्या भीतीशी मी पूर्ण सहमत आहे, ती माझ्या पहिल्या यादीतली सर्वांत वरची नोंद आहे. पण उपाय म्हणून अमेरिकेच्या कुशीत शिरलो तर नोंद पुसली जात नाही, नुसतं देशाचं नाव बदलतं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले तेव्हा तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं, साहित्यही अडकवलं. ते काम इथे बसून पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडालं. आज ओझरला जोडलं जातं ते याच विमानाचं पुढचं रूप.

आणि गरजेला झुकणंही धोरणातच येतं. ९ ऑगस्ट १९७१ चा सोव्हिएत करार आठवा. त्या डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं आणि सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार आपल्या बाजूने पडला. पण करार करून आपण त्यांच्या लष्करी गटात गेलो नाही, तळ दिला नाही. एवढं अंतर राखता आलं, कारण १९७१ पर्यंत गहू आपल्या शेतात पिकायला लागला होता. चार वर्षं आधी, जॉन्सन यांचं जहाज कधी सुटतंय याकडे डोळे लावून बसलेल्या दिल्लीला हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

अवांतर, पण नाशिकसाठी महत्त्वाचं : ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये कोविडच्या उगमाची चौकशी मागितली आणि चीनने त्यांच्या सातूवर, मग वाइनवर जबर शुल्क लावलं, वाइनवर तर २०० टक्क्यांच्याही वर. वाइनवरचं ते शुल्क मार्च २०२४ मध्येच उठलं. ऑस्ट्रेलिया अमेरिकेचा पक्का मित्र, पण चीनला जाणारी ती वाइन काही अमेरिकेने उचलली नाही. डिसेंबर २०२२ पासून भारताशी त्यांचा व्यापार करार लागू झाला, त्यात महागड्या बाटल्यांवरचं शुल्क आपण कमी केलं. म्हणजे बीजिंग-कॅनबेरा भांडणाच्या दिवसांत झालेल्या कराराचा परिणाम दिंडोरीच्या वायनरीच्या कपाटापर्यंत येतो.


लासलगाव_आडत

इतका वेळ फक्त वाचत होतो. गोदाकाठ यांच्या दुसऱ्या यादीत कांदा होता. तो आपणच खोडला, हे लिहायला आलो.

बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई इथल्या बाजारात नाशिकच्या लाल आणि उन्हाळ कांद्याला पर्याय धरत नव्हते. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली. चार-पाच दिवसांनी शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत म्हणाल्या की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, बंदी घालायची तर निदान आधी कळवत जा. सगळे हसले. पण ती तक्रार होती, एका मित्रदेशाच्या पंतप्रधानांची. त्यानंतर त्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, अगदी पाकिस्तानातूनही विमानाने कांदा नेला. सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. या वेळी बंगालच्या सीमेवर ट्रक उभे राहिले, ताडपत्रीखाली माल तापला, कोंब फुटले, पाणी सुटलं. मग त्यांना २५ हजार टनांची सवलत दिली, तोवर बराच माल गेला होता. ८ डिसेंबर २०२३ ला तिसऱ्यांदा. ती ४ मे २०२४ पर्यंत. उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

त्या मधल्या काळात सरकारने सहा देशांना ९९,१५० टन कांदा द्यायला परवानगी दिली. परराष्ट्र खात्याच्या दृष्टीने ती मैत्री असेल. आमच्या दृष्टीने भाव पाडून शेतकऱ्याच्या खिशातून दिलेली मैत्री. आणि ज्यांना दिली ते तरी खूश कुठे? ढाक्याने स्वतःचं उत्पादन वाढवायचं मनावर घेतलं, आखाती बाजारात पाकिस्तानचा माल बसला. सुटलेलं गिऱ्हाईक परत आणायला किती वर्षं लागतात ते आडतीवर बसलेल्याला विचारा.

शेजारच्या देशात आपली पत कशावर ठरते? दिल्लीचे विचारवंत त्याला मोठमोठी नावं देतात. चितगावच्या आयातदाराला एवढंच माहीत असतं की हिंदुस्थानी माल वेळेवर येतो की येत नाही.


सीमापार

हा प्रतिसाद पटला. शेजारी आपल्यावर विसंबावेत असं वाटत असेल तर तेवढी खात्री द्यायलाच हवी. दादा, पण देशात भाव कडाडले की सरकारने करायचं काय? शहरातला ग्राहकही मतदार आहे.


ओझरकर_निवृत्त

इंजिनाबद्दल राहिलं होतं. कावेरी इंजिनाला मंजुरी १९८९ ची. २००८ ला ते तेजसपासून वेगळं केलं. पंचवीस-तीस वर्षं त्याला सलग पैसे, चाचणीची सोय आणि तीच तीच माणसं मिळाली असती तर आज चित्र वेगळं असतं. आता पुढच्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर इंजिन करायचं चाललं आहे. त्यात भट्टीतली पाती ओतायचं तंत्र, एका स्फटिकाची पाती म्हणतात ती, आपल्या हाती येतं का तेवढंच बघा. बाकी नटबोल्ट कुणीही देतं.


निफाडचा_बागाईतदार

सीमापार भाऊ, तुम्ही म्हणता त्या खात्रीचाच प्रश्न युरोपवाल्यांनी आम्हाला २०१० ला विचारला होता, वेगळ्या तऱ्हेनं. द्राक्षात लिहोसीन या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि आमचे कंटेनर अडले. त्यानंतर बागेची नोंदणी, मालाची तपासणी आणखी कडक झाली. आज नाशिकचं द्राक्ष तिथं टिकून आहे ते त्यामुळं. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. आफ्रिकेला वळसा घालून माल गेला, भाडं वाढलं, दिवस वाढले, तरी आम्ही पाठवला. पेरू आणि चिलीला तिथं शुल्क लागत नाही, आम्हाला लागतं, तरी पाठवला. तोटा सोसून हंगाम पाळला की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी स्वतः फोन करतं.


लासलगाव_आडत

सीमापार, सरळ उत्तर देतो. सरकारने उन्हाळ कांदा निघतानाच, एप्रिल-मे मध्ये, बाजारभावाने घेऊन चांगल्या चाळीत ठेवावा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात शहरात सोडावा. आताही घेतात, पण कमी आणि उशिरा. तरीही भाव चढले तर निर्यातीवर शुल्क लावावं, पण तारीख आधी सांगून. आणि काहीही झालं तरी ज्याचा सौदा झालाय, एलसी (बँकेचं पैशाचं हमीपत्र) उघडलीय, तो माल सीमेवर अडवू नये. ढाका असो, कोलंबो असो, तिथल्या व्यापाऱ्याला निदान तीस दिवसांची सूचना मिळाली पाहिजे. हा नियम कायद्यात लिहून ठेवा. व्हिएतनामचे चार नकार मॅडमनी सांगितले, तसा आमच्यासाठी हा एक असू द्या.